निवतीच्या समुद्रातले जहाज : पाहुण्यांची सफर झाली, गावाच्या हिशेबाचे काय?

शेतकरी बंधूंनो, आज या पानावर आंब्याचा मोहोर नाही की भाताचा हमीभाव नाही. आज बोलायचे आहे ते समुद्राच्या तळाशी जाणाऱ्या एका जहाजाविषयी. ‘आमचा काय संबंध?’ असे म्हणून पान उलटू नका. ज्या होडीतून पाहुणे हे जहाज बघायला जातील, ती होडी आपल्याच बंदरातून सुटेल. तिच्यावर आपलीच पोरं असतील, पाहुणा जेवेल तो आपल्याच घरात आणि पाणी वापरील तेही आपल्याच विहिरीचे. शिवाय काही बरे-वाईट झाले, तर पंचनाम्याला पंच म्हणून बोलावणे येईल तेही आपल्यालाच.

आधी जहाजाची हकिकत सांगतो. ‘गुलदार’ ही भारतीय नौदलाची नौका. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवण्यासाठी पोलंडमध्ये बांधलेली. लांबी सुमारे ८४ मीटर, वजन अकराशे टनांच्या वर. डिसेंबर १९८५ मध्ये ती नौदलात आली आणि सुमारे ३८ वर्षे नोकरी करून १२ जानेवारी २०२४ रोजी अंदमानात निवृत्त झाली. अशी जहाजे एरवी भंगारात जातात. ही नौका मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात देण्यात आली. निवती रॉकजवळ ती समुद्रतळाशी बसवायची, म्हणजे तिच्यावर शेवाळ-कालवे धरतील, मासळी येईल आणि पाहुणे श्वासाचे नळे लावून खाली उतरून ती बघतील, असा या योजनेचा गाभा आहे. पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम खडक अशी दोन्ही कामे एकाच जहाजाकडून. त्यासाठी केंद्र सरकारने ४६ कोटी ९१ लाख रुपये मंजूर केले. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून आपण पुष्कळ घोषणा ऐकल्या. त्या मानाने ही योजना बरीच पुढे आलेली आहे, हे कबूल केले पाहिजे.

बुडालेले आणि बुडवलेले

बुडालेले जहाज आणि बुडवलेले जहाज यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २५ मे २०२५ रोजी केरळात कोचीजवळच्या समुद्रात एक मालवाहू जहाज बुडाले. त्यावर ६४० कंटेनर होते, इंजिनाचे तेल होते, काही कंटेनरांत घातक रसायने होती. प्लॅस्टिकचे साबुदाण्याएवढे दाणे लाटांबरोबर किनाऱ्याला लागले आणि ते वेचता वेचता लोकांच्या नाकी नऊ आले. मच्छीमारांना त्या भागात न जाण्याच्या सूचना द्याव्या लागल्या. गिऱ्हाईक मासळी घ्यायलाही बिचकू लागले.

मुद्दाम बुडवायचे जहाज असे तळाशी पाठवता येत नाही. त्यातले तेल, वायरी, जुने रंग, आतली अस्तरे आणि सुटे सामान आधी काढावे लागते. दारे-झडपा काढून टाकाव्या लागतात, म्हणजे कोणी आत अडकणार नाही. ठरलेल्या जागी, ठरलेल्या स्थितीत ते बसेल याची आखणी करावी लागते. या साफसफाईचे दाखले कागदावर असतात. ते दाखले बघायला मागणे हा आपला हक्क आहे आणि त्यात कोणी कमीपणा मानायचे कारण नाही. शेतात टाकायच्या खताच्या पिशवीवर काय छापले आहे ते आपण वाचतो, तसेच हे.

बुडालेली जहाजे बघायला जाणे आपल्या शेजारी गोव्यात नवे नाही. तिथे ग्रँड आयलंडजवळ एक जुने मालवाहू जहाज पाण्याखाली आहे. होड्या भरभरून पाहुणे ते बघायला जातात आणि त्यावर होडीवाल्यांपासून हॉटेलवाल्यांपर्यंत अनेकांचे पोट चालते. तेव्हा धंदा होतो यात शंका नाही. प्रश्न आहे तो धंदा कसा होतो आणि कोणाचा होतो, हा.

ही सफर असते कशी?

तुमच्यापैकी बहुतेकांनी ही सफर केलेली नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. होडी सकाळी लवकर सुटते. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो आणि पाणी शांत असते. दुपारी खारा वारा सुटला की लाटा उठतात. जागेवर नांगर पडतो. पाहुण्याला रबरी पोशाख, कमरेला शिशाचा पट्टा, पाठीवर नळकांडे आणि तोंडात नळी देतात. नळकांड्यात ऑक्सिजन असतो असा सगळ्यांचा समज आहे, तो चुकीचा. त्यात आपण घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते.

पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट आणि हवाही त्याच हिशेबाने संपते. वर येताना श्वास कोंडून धरला तर छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. खोलवर जास्त वेळ राहून घाईने वर आले तर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे धरतो. सोड्याची बाटली उघडली की होते ना, तसेच. त्यावरचा उपचार म्हणजे रोग्याला दाबाच्या बंद कक्षात ठेवणे आणि असा कक्ष तालुक्याच्या दवाखान्यात नसतो. म्हणून दमा, हृदयविकार किंवा फिट येणाऱ्या माणसाने आणि गरोदर बाईने हा उद्योग करू नये. दारू घेतलेल्या पाहुण्याला तर होडीतच घेऊ नये, मग तो कितीही नोटा दाखवो.

मालवणला किल्ल्याजवळ आज जे स्कुबा चालते, ते किनाऱ्यालगत, उथळ पाण्यात. निवती रॉकचे तसे नाही. तो उघडा समुद्र. जायला-यायला वेळ जास्त, वाऱ्याला आडोसा नाही. शिवाय बुडवलेल्या जहाजाच्या डोक्यावरून होड्या जायला पाणी ठेवावे लागते, म्हणजे त्याचा डेक खोलच असणार. शिक्षण न घेतलेल्या नवख्याला बारा मीटरच्या खाली नेऊ नये, असे या खेळाचे सर्वमान्य बंधन आहे. प्राथमिक प्रमाणपत्र असलेल्याची मर्यादा अठरा मीटर. जहाजाच्या आत शिरायचे तर त्याचे वेगळे शिक्षण लागते.

इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर २००४ साली ‘सिला’ नावाची युद्धनौका अशीच मुद्दाम बुडवली. आत शिरता यावे म्हणून तिला मोकळ्या वाटाही करून ठेवल्या होत्या. तरीही पुढे तिच्या पोटात शिरलेले सरावाचे पाणबुडे मेले. आत गाळ साचतो, पाय लागला की पाणी गढूळ होते आणि शिरलेली वाट दिसेनाशी होते. घाटावरून पहिल्यांदा समुद्र बघायला आलेला पाहुणा ‘आत घेऊन चला’ म्हणेल, जास्त पैसे देतो म्हणेल. त्याला ‘नाही’ म्हणण्याची ताकद आपल्या पोरांत आहे का, हा खरा प्रश्न.

माणसं गेली ती होडीवर

लोकांना वाटते धोका पाण्याखाली. आपल्या जिल्ह्याचा अनुभव वेगळा आहे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीत स्कुबा आटोपून परतणारी होडी किनारा जवळ आला असताना उलटली. होडीत वीसजण होते; दोघे दगावले. खाली जाऊन सुखरूप वर आलेली माणसे घराकडे परतताना गेली. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा माणसे मेली. तिथेही बुडालेल्या कित्येकांच्या अंगात जीवरक्षक जाकीट नव्हते. कारणे निरनिराळी असली तरी शेवटी प्रश्न येतो तो एकच : होडीत माणसे किती होती आणि जाकीट अंगात होते की फळीखाली?

तारकर्लीच्या अपघाताची तारीख पुन्हा वाचा. २४ मे. आपल्याकडे जलक्रीडा मेअखेरीस बंद होतात आणि ऑगस्टअखेरपर्यंत बंद राहतात. म्हणजे हंगामाचे शेवटचे दोन-चार दिवस उरले होते. मे महिन्याच्या शेवटी वारा दक्षिणेला फिरतो, पाण्याला ओढ येते, हे आपल्याकडचा शाळकरी मुलगाही सांगेल. पण त्याच आठवड्यात पाहुण्यांची गर्दी सर्वांत जास्त असते आणि वर्षाची उरलीसुरली कमाई तेवढ्यात करून घ्यायची असते. वारा आणि गर्दी एकाच वेळी वाढते, ही या धंद्यातली मेख आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, होडी सोडायची की नाही हे होडीमालकाने ठरवू नये. ते बंदरावरच्या अनुभवी तांडेलाने ठरवावे आणि त्याने नाही म्हटले की त्या दिवशी कोणाचीच होडी सुटू नये. एकाने थांबायचे आणि दुसऱ्याने त्याची गिऱ्हाईके उचलायची, असे चालले तर दुसऱ्या दिवशी पहिलाही थांबणार नाही. उधाण आणि भांग तुम्हाला सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जास्त, अष्टमीच्या आसपास भांगाला पाणी मंद. पाहुण्यांची नोंदणी तिथी बघून घेतली तर निम्मी काळजी मिटेल.

मच्छीमाराचा सवाल

आता आपल्या गाबीत, दालदी बांधवांचा प्रश्न. कृत्रिम खडकामुळे मासळी वाढते, असे सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने देशाच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी सिमेंटचे खडक सोडले आहेत. आधी शेवाळ, मग कालवे, मग बारीक मासळी आणि तिच्यामागे गोब्रा, तांबोशी अशी खडकातली मोठी मासळी येते. पण यात एक बारकावा आहे. खडकाने मासळी वाढते, की आजूबाजूची मासळी एका जागी गोळा होते, यावर शास्त्रज्ञांतही वाद आहे. नुसती गोळा होत असेल आणि तिथे जाळी टाकायची मुभा असेल, तर ती मारायला सोपी होईल आणि लवकर संपेल. जाळी टाकायला बंदी असेल, तर गळ-पागवाल्या छोट्या मच्छीमाराची जागा गेली असे होईल. शिवाय जहाजात अडकलेले तुटके जाळे हे खाली उतरणाऱ्या माणसाचे मरण असते. तेव्हा जहाजाभोवती किती अंतरापर्यंत कोणती मासेमारी चालेल, हे आधी ठरले पाहिजे. ज्याची जागा जाईल त्याला होडीच्या धंद्यात पहिला हक्क मिळाला पाहिजे.

न विचारता ठरवले की काय होते, हेही आपण पाहिले आहे. १९८७ साली मालवणच्या समुद्रात २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. हेतू चांगला होता. पण मच्छीमाराला विश्वासात घेतले नाही, अशी भावना झाली आणि त्या शब्दाची धास्ती किनाऱ्यावर पुढे कित्येक वर्षे राहिली. जहाजाच्या बाबतीत तीच चूक पुन्हा नको.

शेतकऱ्याचा काय संबंध?

आता तुमच्या बांधावर येतो. जहाज बघायला येणारा माणूस समुद्रात असतो अर्धा दिवस. उरलेला दीड-दोन दिवस तो गावात असतो. त्याला घावणे, सोलकढी, काजूची उसळ, आंब्याचे रायवळ वाण लागते. जाताना कोकमाचे आगळ आणि कुळथाचे पीठ तो पिशवीत घालतो. त्याच्या रुपयाला असे पुष्कळ फाटे फुटतात आणि त्यातले बरेच शेतात येऊन मिळू शकतात. ‘मिळू शकतात’ असे मुद्दाम म्हटले. कारण खोलीचे आरक्षण बाहेरच्या कंपनीकडे, भाजी घाटावरची आणि सरबताची बाटली शहरातली असेल, तर आपल्या वाट्याला येईल तो फक्त कचरा.

दुसरी गोष्ट मजुरीची. भात कापून झाले की गावातली पोरं मोकळी होतात आणि तेव्हाच पर्यटनाचा हंगाम सुरू होतो, हे सोयीचे आहे. पण फेब्रुवारीपासून काजू, मग आंबा. त्याच दिवसांत होडीवर खलाशीही लागतो. आजच बागांमध्ये आणि होड्यांवर नेपाळी कामगारांवाचून पान हलत नाही. होडीवरची रोजची रोकड दिसली की बागेत कोण येणार? बागायतदारांनी हा विचार आत्तापासून करायला हवा.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि ती सर्वांत मोठी. मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी खाली जाते. उपसा वाढला की खारे पाणी आत शिरते. एकदा विहीर मचूळ झाली की ती पुन्हा गोडी व्हायला किती पावसाळे लागतील, सांगता येत नाही. पाहुणा आंघोळीला लागतो तेव्हा हात आखडत नाही. स्कुबा करून आलेला तर मुळीच नाही. पोशाख, जाकिटे, नळ्या हे सगळे रोज गोड्या पाण्याने धुवावे लागते. हे पाणी कुठून येणार? बागेला द्यायचे की पाहुण्याला, असा प्रश्न सख्ख्या भावांत उभा राहू शकतो. ज्या घराला न्याहारी-निवासाचा परवाना द्यायचा, त्याच्या छपराचे पावसाचे पाणी जिरवण्याची सोय आहे का, हे पंचायतीने बघितले तर कोणाचे काही बिघडणार नाही.

सरपंच आणि पंचायत अधिकाऱ्यांसाठी

‘समुद्र आमच्या हद्दीत येत नाही’ असे उत्तर पंचायतीत हमखास मिळते. ते खरेही आहे. होडीचा परवाना आणि तपासणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, साहसी पर्यटनाची नोंदणी २०२१ च्या धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे, मासेमारीचे नियम मत्स्य खात्याकडे. पण धक्क्यापर्यंतचा रस्ता, पाणी, कचरा, घरपट्टी, गाड्यांचा तळ आणि गावची जैवविविधता समिती हे तर पंचायतीकडेच आहे ना? ग्रामसभेचा ठरावही तुमच्याच हातात आहे.

तेव्हा येत्या ग्रामसभेत पाच गोष्टी लेखी मांडा.

पहिली : गावच्या बंदरातून जहाजाकडे जाणाऱ्या प्रत्येक होडीचा परवाना, विमा आणि किती माणसांची परवानगी आहे तो आकडा होडीच्या बाजूवर ठळक मराठीत रंगवलेला असावा.

दुसरी : धक्क्यावर एक वही असावी. किती गेले, किती परत आले, याची नोंद रोज व्हावी. जाकीट अंगात असल्याशिवाय होडीत पाय नाही. एका नवख्यामागे एक गाईड आणि नवख्याला बारा मीटरच्या खाली नेणे नाही.

तिसरी : होडीवर प्राणवायूची बाटली, बिनतारी संच आणि प्रथमोपचार येणारा माणूस असावा. अपघात झाल्यास कोणत्या दवाखान्यात न्यायचे, रुग्णवाहिका कुठे उभी राहील, हे आधी ठरवून एकदा करून बघावे.

चौथी : जहाजाभोवतीच्या मासेमारीचा नियम मच्छीमार सोसायट्यांना बोलावून, त्यांच्या सह्यांनिशी ठरावा.

पाचवी : गाईड आणि खलाशांच्या जागांवर आजूबाजूच्या गावांतल्या मुला-मुलींना आधी घ्यावे. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कुबा शिकवणारी संस्था आहे. गावातून दरवर्षी किती मुले तिथे जातील याची यादी करा.

‘हे आपल्याला जमणार नाही’ असे कोणी म्हणेल. त्यांनी वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत जाऊन यावे. तिथे स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून स्वतः वल्ही मारीत पाहुण्यांना कांदळवन दाखवू लागल्या. होडी छोटी, पाणी शांत, काम मात्र गावाच्या हातात. निवतीचा समुद्र मांडवीच्या खाडीसारखा नाही, हे मान्य. म्हणूनच तयारी जास्त हवी.

आमचा या जहाजाला विरोध नाही. ३८ वर्षे देशाची नोकरी केलेली नौका भट्टीत वितळण्यापेक्षा आपल्या समुद्रात मासळीला घर देत असेल, तर चांगलेच आहे. पण पाहुणा चार फोटो घेऊन शनिवारी आला तसा रविवारी निघून जातो. जहाज इथेच राहते, विहीर इथेच राहते आणि होडीवर पाठवलेला मुलगाही आपल्याच घरातला असतो. तो संध्याकाळी वेळेवर घरी यावा एवढ्यासाठी तरी ग्रामसभेला जा, आणि गेल्यावर गप्प बसू नका.